चौदा नंबरच्या टेबलाची भवानी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दीनानाथराव गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. स्वतःच्याच ड्राइव्हवेत! कॅनडातल्या केंब्रिजच्या त्या गल्लीत एक खार सोडली तर कोणी जागं नाही, आणि हे सत्तर वर्षांचे गृहस्थ टाय लावून, शेजारच्या सीटवरून हात लांब करून, पों पों पों!

"अहो! लोक पोलीस बोलावतील!" मृणालिनीबाई दारातूनच ओरडल्या. हातात बरण्यांचा शेवटचा क्रेट.

"बोलावू देत! ते येईपर्यंत आपण विदरबीला पोचलेलो असू. अक्षरा कुठाय?"

"आजोबा, आय ॲम राइट हिअर." अक्षरा म्हणजे नात. एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आलेली, एक डोळा उघडा, एक अजून झोपलेला. "मार्केट सातला उघडतं. सेव्हन. आणि ड्राइव्ह पंचवीस मिनिटांचा आहे. व्हाय आर वी डूइंग धिस?"

"आज बारावा शनिवार आहे म्हणून!"

बस. अक्षरा मागच्या सीटवर चढली, कारण बारावा शनिवार म्हणजे काय हे त्या घरात फ्रिजला सुद्धा माहीत होतं. फ्रिजवर कॅलेंडर होतं, दोन हजार नऊचं, आणि एप्रिलपासूनच्या अकरा शनिवारांवर लाल पेनाने फुल्या मारलेल्या. आणि आजच्या, वीस जूनच्या चौकोनात नुसतं एक मोठं '१४'.

चौदा नंबरचं टेबल! विदरबीच्या मार्केट हॉलमधलं, आतलं, छपराखालचं! त्यासाठी दीनानाथरावांनी नऊ वर्षं काढली होती. सात वर्षं नुसती वेटिंग लिस्ट, मग दोन वर्षं बाहेर पार्किंगच्या कडेला, ताडपत्रीखाली, ऑक्टोबरच्या वाऱ्यात लेबलं उडतायत आणि हे त्यांच्यामागे पळतायत. मग या वर्षी चौदा नंबरचा म्हातारा टर्निपवाला रिटायर झाला आणि यांचा नंबर लागला. पण विदरबीची रीत अशी, की आतलं टेबल आधी बारा शनिवार ट्रायलवर मिळतं. बारा शनिवार एकही चूक नाही केली, तर टेबल कायमचं तुमचं आणि वर तुमच्या नावाची पाटी. एक चूक झाली, की परत बाहेर. लिस्टच्या शेवटी!

आणि लिस्टच्या शेवटी म्हणजे परत नऊ वर्षं. सत्तर अधिक नऊ. हे गणित दीनानाथराव करत नव्हते असं नाही.

आता हे विदरबी काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. इंग्लंडमध्ये विदरबी नावाचं एक छोटंसं बाजाराचं गाव होतं. तिथली चाळीस कुटुंबं अठराशे चौतीस साली उठली आणि थेट ऑन्टारिओच्या जंगलात आली, आणि त्यांनी काय केलं? तेच गाव पुन्हा बांधलं! मधोमध चौक, चौकात मार्केट, बुधवार-शनिवार बाजार. नदीला तेच नाव, चर्चला तेच नाव. स्वतःच्या घरांवर अजून छपरं नव्हती, तेव्हा त्यांनी येताना आणलेली बाजाराची घंटा एका खांबाला टांगली होती! आधी घंटा, मग छप्पर!

दीनानाथरावांना हे सगळं तोंडपाठ होतं. वेटिंग लिस्टच्या त्या सात वर्षांत त्यांनी विदरबीच्या लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये बसून बाजाराची जुनी बाडं वाचून काढली होती आणि रात्री जेवताना ती घरच्यांना ऐकवली होती. मृणालिनीबाईंना कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी अठराशे एक्कावन्नमध्ये लोण्याच्या गोळ्यात दगड घालून विकणारा माणूस कोण आणि अठराशे अठ्ठ्याहत्तरमध्ये मेयरच्या बायकोची हॅट कुठल्या गाईने खाल्ली, हे त्यांनी सांगितलं असतं.

"एवढा अभ्यास आपल्या बार्शीचा केलात का कधी?" त्या विचारायच्या.

दीनानाथराव मग ताटातली भाजी ढवळत बसायचे. बार्शीला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. भर पेठेत. बाविसाव्या वर्षी इंजिनिअरिंगचा निकाल हातात घेऊन, त्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून, दीनानाथ वैरागकर वडिलांना म्हणाले होते, "मी आयुष्यभर पुड्या बांधत बसणार नाही." वडील समोरच्या गिऱ्हाइकाची पुडी बांधत होते, ती बांधून झाली. मग एकोणसत्तर साली हे कॅनडात आले, केंब्रिजच्या फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर झाले, तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आणि एक्क्याऐंशी साली दुकान बंद झालं. पाटी उतरवताना यांना जाता आलं नाही.

आता सत्तराव्या वर्षी माणूस दर शनिवारी टाय लावून बाजारात उभा! रूबार्बचा मेथांबा विकत! कॅनडात कैरी धड मिळत नाही, पण लाल देठांचा रूबार्ब मेच्या सुरुवातीला ढिगाने येतो, आणि तो असला आंबट असतो की डोळा आपोआप मिटतो. मृणालिनीबाईंनी एकदा गंमत म्हणून त्याला मेथीची फोडणी दिली, गूळ घातला, तिखट घातलं. झालं! विदरबीतले गोरे शेतकरी तो सॉसेजला लावून खायला लागले!

असो. पावणेसहाला गाडी चौकात. आणि चौक बघून अक्षराचे दोन्ही डोळे एकदम उघडले.

"ओ माय गॉड."

आज बाजाराला एकशे पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती ना! झेंड्यांच्या माळा, बँडवाले, हॉलच्या दारात काचेच्या पेटीत लायब्ररीतून आणलेलं सगळ्यात जुनं बाड. हॉलमध्ये ब्रेडचा वास, चीजचा वास, आणि मधोमध घंटेचा दोर, नवीन लाल रंगाचा.

"मॉर्निंग, डीन!" तेरा नंबरच्या टेबलावरून एडना ओरडली. एडना अंडी विकायची. पंचेचाळीस वर्षं अंडीच विकत होती. बाजारात दीनानाथरावांना सगळे डीनच म्हणायचे. "आज शेवटचा! घाम फुटलाय का?"

"नाही!" दीनानाथराव रुमालाने कपाळ पुसत म्हणाले.

बाजाराचे मास्तर, म्हणजे व्यवस्थापक, मिस्टर हॅलोवेल क्लिपबोर्ड घेऊन फिरत होते. उंच, शिडशिडीत माणूस, हसला तर आवाज न करता हसणारा. त्यांनी चौदा नंबरपाशी थांबून सगळं तपासलं, लेबलं बघितली, एक टिक मारली. "घंटा सातला, मिस्टर वैरागकर."

"घंटा सातला," दीनानाथराव म्हणाले.

कारण विदरबीचा सगळ्यात मोठा नियम हाच. घंटेआधी विक्री नाही! एक अंडंसुद्धा नाही. हा नियम इंग्लंडहून घंटेबरोबरच आला होता. तिकडे पूर्वी बडे व्यापारी पहाटेच येऊन सगळं धान्य उचलायचे आणि गावातल्या बाईला तेच धान्य नंतर दुपटीने घ्यायला लागायचं. म्हणून घंटा. घंटा झाली की सगळे सारखे. दीनानाथरावांना हा नियम इतका आवडायचा की ते तो पाहुण्यांना सांगायचे. इन्स्पेक्टर माणूस! नियम म्हणजे जीव की प्राण!

आणि तरीसुद्धा घोळ झाला. घोळ झाला तो भवानीमुळे.

बार्शीच्या दुकानात दीनानाथराव शाळेत असल्यापासून एक गोष्ट बघत आले होते. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. ते रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. दोन पैसे कमी घ्या, उधार मागितलं तर हात जोडा, पण काहीतरी त्याच्या हातात पडलंच पाहिजे. आणि भवानीचे पैसे आले की वडील ते आधी कपाळाला लावायचे, मगच गल्ल्यात. इथे विदरबीत दीनानाथराव तेच करायचे. पाच डॉलरची पहिली नोट आली की कपाळाला, मग डब्यात. पहिल्या शनिवारी एडनाने विचारलं, "डोकं दुखतंय का, डीन?" त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चौथ्या शनिवारी एडनाने अंड्यांची पहिली नोट कपाळाला लावली! "म्हटलं करून बघू," ती म्हणाली. त्या दिवशी तिची सगळी अंडी दहाच्या आत संपली. मग काय! सगळ्या हॉलला कळलं. डीनने नोट कपाळाला लावली म्हणजे डीनची पहिली विक्री झाली.

तर सात वाजायला बारा मिनिटं होती. मृणालिनीबाई आणि अक्षरा गाडीतून फोल्डिंग खुर्च्या आणायला गेलेल्या. दीनानाथराव एकटे, बरण्या एका रेषेत लावतायत. आणि समोर एक माणूस येऊन उभा राहिला. निळं जॅकेट, डोळे लाल, केंब्रिजच्या कार प्लांटमधली नाइट शिफ्ट संपवून आलेला.

"एक बरणी द्या. मागच्या वेळी नेली होती, तीन दिवसांत संपली."

"सातला! घंटा झाली की लगेच. पहिली तुम्हालाच!"

माणसाने घड्याळ बघितलं. "बाहेर माझी राइड उभी आहे. चार जण आहोत, ते नाही थांबणार. नो प्रॉब्लेम, पुढच्या वेळी बघू." आणि हसून वळला.

वळला! पहिलं गिऱ्हाईक! बाराव्या शनिवारी! रिकाम्या हाताने!

दीनानाथराव त्याच्या पाठीकडे बघत राहिले. एक पाऊल. दोन पावलं. नियम, घंटा, एकशे पंच्याहत्तर वर्षं, सगळं डोक्यातून साफ उडालं. डोळ्यासमोर फक्त बार्शीची पायरी आणि ती उतरून चाललेलं गिऱ्हाईक.

"ओ! थांबा!"

बरणी त्याच्या हातात, नोट यांच्या हातात, माणूस थँक्यू म्हणून पळाला. आणि दीनानाथरावांचा हात, पन्नास-साठ वर्षांपूर्वी बार्शीत बघितलेली सवय, सरळ कपाळाला!

अख्खा हॉल बघत होता.

ब्रेडवालीचा हात पिशवीत तसाच राहिला. मधवाल्याच्या भुवया वर. आणि चार टेबलांपलीकडे मिस्टर हॅलोवेल, क्लिपबोर्ड छातीशी धरून.

"मिस्टर वैरागकर," ते हळू आवाजात म्हणाले, "ती विक्री होती का?"

"डोकं खाजवत होता तो!" एडना ताडकन म्हणाली. "नोटेने! मी बघितलं!"

किती सोपं होतं! नुसतं हो म्हणायचं. भेट दिली म्हणायचं. पण ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना "खरं सांग, हे कोणी केलं?" असं विचारलं, त्याच्या तोंडातून खोटं निघेना.

"होय," दीनानाथराव म्हणाले. "विक्री होती. बारा मिनिटं आधी."

मिस्टर हॅलोवेलनी डोळे मिटले, उघडले. "मग मला काही करता येणार नाही. आय ॲम सॉरी. आजचा दिवस पूर्ण करा. सोमवारपासून तुमचं नाव लिस्टच्या शेवटी."

मृणालिनीबाई खुर्च्या घेऊन आल्या, तर नवरा पांढराफटक. ऐकल्यावर त्यांनी खुर्ची धाडकन खाली ठेवली. "काय हो हे! दुकान नको म्हणून सात समुद्र ओलांडलेत, आणि दुकानाची सवय तेवढी बरोबर घेऊन आलात!"

"चुकलं गं," दीनानाथराव एवढंच म्हणाले. आणि ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले की मृणालिनीबाईंनी तीच खुर्ची उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

सात वाजले. घंटा झाली, लोक आत घुसले, बँड सुरू झाला, आणि चौदा नंबरवर दीनानाथराव बरण्यांवर हात ठेवून उभे. विकेचनात. "विकण्याचा हक्क नाही आता मला," म्हणे!

आणि तेव्हा अक्षरा किंचाळली. खरंच किंचाळली!

"आजोबा! द डस्टी फीट थिंग!"

"काय?"

"तुम्हीच सांगितलं होतं! डिनरला! लाइक, शंभर वेळा! बाजारात भांडण झालं तर ते त्याच दिवशी, तिथल्या तिथे, दुकानदारच सोडवणार! पायाची धूळ झटकायच्या आत!"

दीनानाथराव बघतच राहिले. ही पोरगी ऐकत होती? जेवताना मान खाली घालून फोनवर बोटं चालवणारी ही पोरगी सगळं ऐकत होती? आणि खरंच होतं ते! जुन्या इंग्लंडमध्ये बाजाराचं स्वतःचं कोर्ट असायचं, धुळीच्या पायांचं कोर्ट. फिरता व्यापारी उद्या कुठे सापडणार, म्हणून निकाल आजच. विदरबीकरांनी तेही उचलून इकडे आणलं होतं. शेवटचं बसलं होतं अठराशे अठ्ठ्याण्णव साली.

अक्षरा केव्हाच हॅलोवेलसमोर. "सर, ते बाड उघडा! प्लीज! तो नियम कधी कॅन्सल झाला का?"

मिस्टर हॅलोवेलनी पांढरे हातमोजे घातले. काचेची पेटी उघडली. पानं उलटली. भोवती गर्दी, बँडवालेसुद्धा थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "कधीच रद्द झालेला नाही." आणि पहिल्यांदाच त्यांचं ते बिनआवाजाचं हसू थोडंसं दिसलं. "तीन टेबलवाले लागतील. एडना, तू नाही. तू साक्षीदार आहेस, आणि तीही बेकार."

बारा वाजता घंटेखाली तीन खुर्च्या मांडल्या. ब्रेडवाली, चीजवाला आणि मधवाला. दीनानाथराव समोर उभे, टाय सरळ करून. त्यांनी काही लपवलं नाही. भवानी म्हणजे काय ते सांगितलं.

"दया आली का त्याची?" ब्रेडवालीने मदत करायच्या सुरात विचारलं.

"नाही," दीनानाथराव म्हणाले. "तो पुढच्या शनिवारी येऊ शकला असता. मलाच त्याला रिकामा जाऊ देववेना. नियम चांगला आहे. मोडला मी."

मागे मृणालिनीबाईंनी कपाळावर हात मारला.

मधवाला पुढे झुकला. तोच सगळ्यात कडक. "मी एकतीस वर्षं त्या घंटेची वाट बघतोय, डीन. एका फेब्रुवारीत माझ्या मिशा गोठल्या, पण विकलं नाही. तुला टेबल दिलं, आणि पुढच्या शनिवारी असाच कोणी साडेसहाला आला, तर काय करशील?"

 "थांबवीन" एवढं म्हणायचं होतं. पण दीनानाथराव विचार करायला लागले. खरोखरचा विचार, सगळ्यांसमोर, अर्धा मिनिट, एक मिनिट! आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"फळ्या!" ते ओरडले.

"काय?"

"आमच्या बार्शीच्या दुकानाला लाकडी फळ्या होत्या! सकाळी त्या काढल्या की दुकान उघडं. फळ्या लावलेल्या असताना कोणी आलं, तर ते गिऱ्हाईकच नव्हे! परत पाठवायचा प्रश्नच येत नाही! आणि इथे मी आल्या आल्या बरण्या मांडून उभा! दुकान उघडं ठेवून म्हणतो, बंद आहे! पुढच्या शनिवारी मी टेबलावर चादर घालीन आणि घंटेपर्यंत गाडीत जाऊन बसेन. दुकान बंद, माणूस नाही. मग कोण परत जातोय?"

मधवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "चादर," तो म्हणाला. मग एकदम, "हे मला एकतीस वर्षांत का नाही सुचलं? मी उगीच थंडीत उभा!" आणि अख्खा हॉल हसला!

तिघं कुजबुजले. बाड बघितलं. मग ब्रेडवाली उभी राहिली आणि तिने जुनी ओळ वाचली. घंटेआधी विकणाऱ्याचा त्या दिवसाचा सगळा माल बाजाराने घ्यावा आणि गावात वाटावा. आणि माल दिल्यावर त्या माणसाने विकलंच नव्हतं असं समजावं.

"विकलंच नव्हतं," मिस्टर हॅलोवेल सावकाश म्हणाले. "म्हणजे बारा शनिवार. एकही चूक नाही."

एडनाने शिट्टी मारली. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने, दोन बोटं तोंडात घालून!

मग जी झुंबड उडाली! साठ बरण्या! गावातली पोरं, म्हातारे, बँडमधला ट्रॉम्बोनवाला, सगळे रांगेत, आणि अक्षरा वाटतेय आणि ओरडतेय, "एका घरात एकच! नो, सर, तुम्ही आत्ताच नेली!" रांगेत सगळ्यात पुढे मधवाला. मिस्टर हॅलोवेल ऑफिसमधून एक पाटी घेऊन आले. हिरव्या पाटीवर सोनेरी अक्षरं, वैरागकर. रंग पार वाळलेला.

"ही कधी केलीत?" दीनानाथरावांनी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी," हॅलोवेल म्हणाले. "इतकं लांब नाव एका दिवसात रंगवून होतं का?"

पाटी वर चढली. दीनानाथराव खाली उभं राहून बघत होते. बघत होते आणि टायच्या टोकाने डोळे पुसत होते.

एक वाजायला पाच मिनिटं. एकला बंद व्हायची घंटा. टेबल रिकामं. सकाळची ती नोटही बाजाराच्या पेटीत गेली होती, विक्रीच झाली नव्हती ना! आणि दीनानाथराव परत अस्वस्थ. टेबलावरून हात फिरवतायत, घड्याळ बघतायत.

"आता काय झालं?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"बोला की."

"टेबल माझं झाल्याचा पहिला दिवस," ते म्हणाले. "आणि भवानीच झाली नाही."

मृणालिनीबाईंनी त्यांच्याकडे एक लांब नजर टाकली. मग पर्स उघडली. आतून एक बरणी काढली आणि टेबलावर, बरोबर मधोमध, ठक्क करून ठेवली.

"ही तर तुझ्या मैत्रिणीसाठी, स्कारबरोच्या जयंतीसाठी घरूनच बाजूला काढली होतीस!"

"जयंतीला पुढच्या शनिवारी देऊ." त्या टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "काय हो दुकानदार, केवढ्याला ही?"

"पाच डॉलर."

"पाच? लूट आहे नुसती! भवानीचं गिऱ्हाईक आहे मी. चारला द्यायची तर द्या, नाहीतर चालले." आणि खरंच वळल्या! एक पाऊल. दोन पावलं.

"ओ! थांबा!" दीनानाथराव ओरडले. "घ्या, चारला घ्या!"

मिस्टर हॅलोवेल लाल दोर हातात धरून उभे होते. एक वाजून गेला होता. पण त्यांनी दोर ओढला नाही. दीनानाथरावांनी बायकोच्या हातून दोन-दोन डॉलरची दोन नाणी घेतली आणि वडिलांसारखी, हळूच, कपाळाला लावली.

मग घंटा झाली.